पाव किलो पिठी, मग पाणी किती?

नमस्कार मंडळी! गुहागरात सकाळपासून पाऊस नुसता कोसळतोय. मध्येच पन्हळीचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

गेल्या गणपतीत माझ्या नणंदेचा पुण्याहून फोन. "वहिनी, तुझं प्रमाण चुकलंय. उकडीच्या मोदकाची पारी करायला घेतली की फाटतेच!" म्हटलं, काय काय घेतलंस? "तूच म्हणालीस ना, जेवढी तांदळाची पिठी तेवढं पाणी. पाव किलो पिठी, पाव लिटर पाणी. काट्यावर मोजलंय!"

अगं, उकडीचं 'जेवढ्यास तेवढं' हे वाटीचं गणित आहे, काट्याचं नव्हे.

हे बघा. (काटा जवळून दाखवायचा) रिकामी वाटी ठेवली, काटा शून्यावर आणला. आता काठोकाठ पाणी. १८०. पाणी १ ग्रॅम म्हणजे १ मिली, तेव्हा माझी ही वाटी १८० मिलीची. तुमची दीडशेची असेल, दोनशेची असेल. घरोघरी वाट्या वेगळ्या.

वाटी कोरडी पुसली. आता चाळलेली पिठी चमच्याने अलगद घालायची. दाबायची नाही हं. सुरीच्या पाठीने सपाट. किती? ११४! वाटी तीच, पण पिठात निम्म्याहून जास्त हवा असते.

म्हणजे पाव किलो पिठी माझ्या वाटीने दोन वाट्या आणि वर थोडी. तिला पाणी हवं ४०० मिलीच्या आसपास. आमच्या बाईसाहेबांनी घातलं २५०. पारी फाटेल नाहीतर काय!

आता गंमत बघा. हीच वाटी ओट्यावर तीनदा आपटते... बसली बघा पिठी खाली. वर पुन्हा भरून सपाट केली. १३७! एका वाटीत २३ ग्रॅमचा फरक, नुसत्या आपटण्याने. डब्यात वाटी खुपसून पीठ काढता ना, तेव्हाही हेच होतं. म्हणून कोणी 'एक वाटी' म्हणालं, की चेपून की मोकळी, हे आधी विचारा.

आपल्याकडे पूर्वी भात-तांदूळ मापायचेच. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. आणि वजनाचा शेर वेगळा, तो ८० तोळ्यांचा! नाव एकच, त्यामुळे घोळ तेव्हाही होताच.

केकच्या कृतींमधला 'कप' म्हणजे चहाचा कप नव्हे, तो साधारण २४० मिलीचा. काही देशांत २५०चा. त्यात मोकळा मैदा १२० ते १२५ ग्रॅम बसतो, कणीक साधारण तेवढीच, तांदळाचं पीठ दीडशेच्या वर, रवा १६५-१७०. बेसनाचं मी छातीठोक सांगणार नाही, ते दळण्यावर फार बदलतं. केक-नानकटाईला मात्र काटाच घ्या. तिथे अंदाज चालत नाही. घावन्याला काटा काढलात तर आमच्या सासूबाई हसतील. ते पीठ पळीवरून कसं ओघळतं ते बघून ठरतं.

तर आज एक काम करा. घरातली एक वाटी ठरवा, तिच्यात पाणी किती, पिठी किती, कणीक किती, हे एकदा तोला आणि कागदावर लिहून पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. माझा हा बघा, हळदीचे डाग पडलेत, पण आकडे दिसतायत.

एवढं करूनही उकड दरवेळी सारखी होईलच असं नाही. नवा तांदूळ पाणी कमी ओढतो, जुना जास्त. पावसाळ्यात पीठ सादळलेलं असतं. म्हणून मी एक-दोन चमचे पाणी आधी मागेच ठेवते. वाफ आणल्यावर उकड मळताना कोरडी लागली, तर तेच पाणी गरम करून हाताला लावत मळायचं. थंड पाणी नको, गुठळ्या राहतात.

नणंदबाईंनी दुसऱ्या दिवशी वाटीने केली. फोटो आला, अकरा मोदक, एक फुटलेला. तो म्हणे मुलाने आधीच बोट घालून बघितला होता.