गोठलेल्या जमिनीतले पाणी

श्रोतेहो, नमस्कार. जमीन गोठली की तिच्यातले पाणीही जागच्या जागी थिजले, असे आपण सहज धरून चालतो. सैबेरियात, अलास्कात किंवा उत्तर कॅनडात राहणाऱ्या माणसाला मात्र हे पटणार नाही, कारण त्याच्या दारातला रस्ता ऐन हिवाळ्यात फुगून वर येतो, आणि त्याला वर उचलते ते जमिनीखालून चालत आलेले पाणीच.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते, म्हणून जमीन फुगते, असे पूर्वी मानले जाई. अमेरिकी भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९३० च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरून ती गोठवली. बेंझीन गोठताना आकुंचन पावते. तरीही माती वर उचलली गेली! हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याने दोष प्रसरणावरून काढून द्रवाच्या प्रवासावर नेऊन ठेवला.

हा प्रवास होतो कसा? तापमान शून्याखाली उतरले तरी मातीच्या कणांना बिलगलेला पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा द्रवरूपच राहतो आणि थंडी वाढेल तसा अधिक पातळ होत जातो. समईची वात जसे तेल वर ओढते, तसे हे पापुद्रे खालच्या, कमी थंड मातीतले पाणी अधिक थंड भागाकडे ओढून घेतात. तिथे ते गोठते आणि स्वच्छ बर्फाचा एक आडवा थर तयार होतो. गोठलेल्या मातीचे ढेकूळ उभे कापले, तर करड्या मातीत असे काचेसारखे थर एकाखाली एक दिसतात. काही केसाइतके बारीक, तर काही बोटभर जाड. वाळूची ओढ कमी पडते, चिकणमातीतून पाणी फार सावकाश सरकते. म्हणून सर्वाधिक उपद्रव होतो तो या दोहोंच्या मधल्या, बारीक पोयट्याच्या मातीत.

खरी परीक्षा वसंतात होते. वरचा बर्फ आधी वितळतो, खालची माती अजून गोठलेलीच असते आणि हिवाळाभर साठलेल्या पाण्याला खाली मुरायला वाट उरत नाही. रस्त्याखाली नुसता चिखल होतो, आणि म्हणूनच अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत त्या काही आठवड्यांपुरती मालमोटारींच्या वजनावर मर्यादा घातली जाते.