आबाजींची वही

श्रोतेहो, प्रभू येशूच्या नावात सगळ्यांना सलाम. जे ख्रिस्ती नाहीत, पण सकाळच्या चहाबरोबर रेडिओ लावून बसले आहेत, त्यांना नमस्कार, जय भीम, राम राम. आजचं बोलणं घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी आहे. आजी-आजोबा आतल्या खोलीत बाजेवर पडले असतील तर रेडिओ जरा त्यांच्या उशाशी नेऊन ठेवा. आवाजही थोडा वाढवा.

मी मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. रिटायर झाले, तरी दारव्हा, दिग्रस, घाटंजी या भागातल्या खेड्यांत जाणं-येणं सुरूच आहे. कोणाची जखम बांधायची, कोणाचं बीपी पाहायचं, घर ख्रिस्ती असलं की एक अध्याय वाचायचा, प्रार्थना करायची आणि निघायचं. या फिरण्यात एक वाक्य मला सगळ्यात जास्त ऐकावं लागतं. "बाई, देवानं मले आता कायले ठेवलं?" ज्यांनी आयुष्यभर संडे स्कूल चालवलं ते असं म्हणतात. चर्चच्या मंडळीत वडील, म्हणजे एल्डर, म्हणून ज्यांनी प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीतल्या भाकरीचं, ताट फिरवलं तेही म्हणतात. गुडघे गेले, डोळे गेले, चर्चची पायरी चढता येत नाही, मग आता माझं काम काय?

हा प्रश्न विचारण्यात पाप नाही. बायबलात तो उघड उघड विचारलेला आहे. स्तोत्र 71 काढून पाहा. म्हातारपणी मला टाकू नको, अंगातली शक्ती सरली म्हणून मला सोडू नको, असं तो स्तोत्रकर्ता रडून मागतो. आणि त्याच स्तोत्रात, अठराव्या वचनात, तोच माणूस स्वतःचं कामही सांगतो: केस पिकले तरी सोडू नको, पुढच्या पिढीला तुझं सामर्थ्य सांगेपर्यंत तरी सोडू नको. रडणारा तोच आणि काम मागणारा तोच. हे ध्यानात ठेवा.

आता मी तुम्हाला आबाजींची गोष्ट सांगते. आमच्या महिला मंडळातल्या बायांनी ती माझ्याकडून खूपदा ऐकली आहे. त्यांनी आज परत ऐकावी.

आबाजी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. सगळी नोकरी काट्यावरच. 1972 साली सरकारची एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा, ही पद्धत सुरू झाली, तेव्हापासूनचे दिवस त्यांना तोंडपाठ होते. दिवाळीनंतर बैलगाड्यांची रांग लागायची, कास्तकार रात्र रात्र गाडीखाली झोपायचे. आबाजी काट्याशेजारी टेबल मांडून बसायचे आणि मोठ्या लाल वहीत लिहायचे: नाव, गाव, वजन. अक्षर असं, की आंधळ्यालाही लागावं. त्यांच्या काट्यावर माप मारलं असं कोणी कधी म्हटलं नाही. गावात ख्रिस्ती घर एकच, आबाजींचं. पण त्यांच्या शब्दाला सगळ्या गावात मान होता.

म्हातारी आधीच गेली होती. मग अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आबाजी न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं काही परत आलं नाही. चर्च तालुक्याला. ऑटोत बसवेना. लेकानं ओसरीवर बाज टाकून दिली. पाठीला जखम झाली होती, ती बांधायला मी जायची. मी गेले की ते भिंतीकडे तोंड करून घेत. एक दिवस तसेच भिंतीकडे पाहत बोलले, "बाई, गाडी काट्यावर चढली, माप झालं, पावतीही फाडली. मंग हे गाडी अजून उभी काऊन हाय?"

मी जखम धूत होते. वचन सांगावं असं मनात आलं, पण सांगितलं नाही. मी इतकंच विचारलं, "आबाजी, तुम्ही त्या वह्यांत नावं तरी किती लिहिली असतील?"

म्हातारा बोलायला लागला. अमक्या गावचे पाटील, त्यांचा लहाना भाऊ, तांड्यावरचा नाईक, बौद्धवाड्यातला तो मास्तर, ज्याच्या दोन एकरात नऊ क्विंटल निघायचा. नाव, बापाचं नाव, गाव. माझी पट्टी बांधून झाली, हात धुऊन झाले, तरी हे चालूच. मधेच थांबले. म्हणाले, "इतक्या मानसाइचे नावं लिहिले बाई, पन एकाहीसाठी म्या कधी प्रार्थना केली नाही."

पुढच्या खेपेला मी गेले तर बाज फिरवलेली होती. तोंड रस्त्याकडे. मांडीवर लाल वही. जुन्या पेटीत एक कोरी उरली होती, ती त्यांनी नातीकडून काढून घेतली होती. पट्टीनं रकाने आखले होते. नाव, गाव, आणि वजनाच्या जागी लिहिलं होतं, मागणी. शेवटचा एक रकाना मोकळा.

संध्याकाळी कापूस वेचून बाया परत यायच्या, ओसरीवर पाणी प्यायला टेकायच्या. आबाजी विचारायचे, "काय लिहू?" सून बाळंतपणाला माहेरी गेली आहे, सुखरूप सुटू दे. बैल बसला आहे, उठत नाही. पीककर्जाची फाइल अडकली आहे. पोराची दारू सुटू दे. आबाजी प्रत्येकाला आधी सांगायचे, "म्या येशूच्या नावानं मांगीन, चालते काय?" बाया म्हणायच्या, "चालते ना आबाजी, तुमचं तोंड अन् तुमचा देव." पहाटे चारला ते उठायचे, भिंगाचा काच घेऊन एकेक ओळ मोठ्यानं वाचायचे. नाव, गाव, मागणी. सगळी वही एका दिवशी व्हायची नाही, मग खूण ठेवून दुसऱ्या पहाटे पुढे.

इथे एक सांगते, विषय सोडून आहे तरी सांगते. हे सगळं ओसरीमुळे झालं. आता घरकुलं बांधतात, त्यांत दोन खोल्या काढतात, संडास काढतात, ओसरी मात्र कोणी ठेवत नाही. म्हातारा माणूस आतल्या खोलीत टीव्हीच्या मागे पडतो. त्याला रस्ता दिसत नाही आणि रस्त्यावरच्यांना तो दिसत नाही. घर बांधत असाल तर हात जोडून सांगते, चार फूट का होईना, समोर छपरी काढा.

तर, 2017 साल आलं. यवतमाळ जिल्ह्यात ते साल कोणी विसरणार नाही. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, डोक्याच्या वर गेली होती, अळी आवरत नव्हती, आणि फवारणी करता करता विषबाधेनं माणसं गेली. आपल्या एका जिल्ह्यात 20च्या आसपास माणसं. त्या गावात एक पोरगा होता, फवारणीच्या रोजानं दुसऱ्याच्या वावरात जाणारा. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हावं म्हणून त्यानं आबाजींच्या वहीत नाव लावलं होतं. रोज संध्याकाळी वावरातून येताना तो रस्त्यावरूनच ओरडायचा, "आबाजी, वाचलं काय?" आबाजी ओसरीवरून म्हणायचे, "वाचलं, वाचलं." बस एवढंच. डोळ्यांनी आबाजींना आता माणूस ओळखू येत नव्हता. आवाजानं ते ओळखायचे.

एका संध्याकाळी तो आवाज आला नाही. मी त्या दिवशी तिथे नव्हते, नातीनं आणि त्या पोराच्या आईनं सांगितलं ते सांगते. दिवेलागण झाली, आबाजी बेचैन. लेकाला म्हणाले, "त्याच्या घरी पाहून ये." लेक म्हणाला, "असन कोठी, येईन." आबाजी जेवेनात. "नाव हाय अन् मानूस नाही. काट्यावर असं झालं तं आमी रांगेत जाऊन पाहत होतो." शेवटी लेकानं मोटारसायकल काढली. पोरगा वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, निंबाखाली सापडला. उलट्या झालेल्या, घामानं चिंब, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक. गावातली आरोग्याचं काम पाहणारी आशाताई धावत आली, तिनं आधी औषधानं भिजलेले कपडे काढायला लावले, साबणपाण्यानं अंग धुतलं आणि 108 ला फोन केला. रातोरात यवतमाळ. विषावर उतारा म्हणून ॲट्रोपिनची इंजेक्शनं लागली, काही दिवस धाकधूक होती. पोरगा वाचला.

फवारणीवाल्यांनो, तुम्ही ऐकत असाल तर आत्ताच ऐकून घ्या. वाऱ्याच्या तोंडी फवारू नका. नाका-तोंडावर कापड, हातात मोजे. तंबाखू नको, भाकर खायची तर साबणानं हात धुऊनच. आणि घाम, लाळ, मळमळ, अंधुक दिसणं सुरू झालं की घरी जाऊन झोपू नका, सरळ दवाखाना गाठा. नर्स आहे मी, हे बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

पोराची आई आबाजींच्या पाया पडायला आली. आबाजींनी पाय ओढून घेतले. म्हणाले, "पाया पडाचं असन तं देवाच्या पड. म्या काय केलं? म्या फक्त वाट पाह्यली." मग वही उघडून त्यांनी त्या नावासमोरच्या मोकळ्या रकान्यात तारीख टाकली. ऑपरेशनची मागणी मात्र तशीच उभी ठेवली. ते पुढच्या हिवाळ्यात झालं, तेव्हा दुसरी तारीख पडली.

श्रोतेहो, वाट पाहणं. माणूस आला की नाही, हे रोज पाहणं. हे काम तरण्या माणसाच्यानं होत नाही, त्याला वावर आहे, नोकरी आहे, पोरं आहेत. हे काम देवानं म्हाताऱ्या माणसाकडे दिलं आहे. परत सांगते: बसून राहिलेला माणूस बेकार नसतो. बसून राहिलेला माणूस बेकार नसतो. यरुशलेमच्या मंदिरात हन्ना होती, चौऱ्याऐंशीची विधवा. उपास आणि प्रार्थना करत तिथेच असायची, म्हणून तर बाळ येशूला आणलं तेव्हा तिनं त्याला पाहिलं आणि सगळ्यांना सांगितलं.

आणि बर्जिल्लय. याच्यावर उपदेश कोणी करत नाही, याचं मला वाईट वाटतं. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. ऐंशी वर्षांचा म्हातारा. दावीद राजा मुलाच्या भीतीनं रानात पळाला, तेव्हा यानं आणि आणखी दोघांनी त्याच्या माणसांसाठी अंथरुणं पाठवली, मडकी पाठवली, गहू, जव, मसूर, मध, लोणी पाठवलं. पुढे राजा म्हणाला, चल माझ्यासोबत यरुशलेमला. बर्जिल्लय म्हणाला, मला आता अन्नाची चव कळत नाही, गाणं ऐकू येत नाही, माझा भार कशाला? हा किम्हाम आहे, याला घेऊन जा. जे जमत होतं ते यानं केलं. जमत नव्हतं तिथे तरण्या माणसाला पुढे केलं. दोन्ही देवाचीच सेवा. आपल्याकडच्या पंडिता रमाबाईंचंही तसंच. त्यांनी केडगावला मूळ भाषांतून बायबल मराठीत आणलं. शेवटच्या काळात ऐकू येत नव्हतं, एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली, तरी त्या छपाईची मुद्रितं तपासत राहिल्या. 1922 मध्ये त्या गेल्या आणि ते बायबल 1924 मध्ये निघालं. स्वतःच्या हातात आलं नाही, पण काम पुरं करून ठेवलं होतं.

पाळक साहेबांना आणि मंडळीच्या कमिटीला माझं एक म्हणणं आहे. वर्षातून एकदा म्हाताऱ्यांना शाल-श्रीफळ देऊन फोटो काढता, तो कार्यक्रम बंद केला तरी चालेल. त्याऐवजी त्यांना काम द्या. मंडळीतल्या आजाऱ्यांची, परीक्षेला बसलेल्या पोरांची, पुण्या-मुंबईला गेलेल्यांची यादी मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या हातात द्या आणि पुढच्या आठवड्यात येऊन विचारा, यातलं काय झालं? ज्यांना चर्चमध्ये येता येत नाही त्यांच्या घरी प्रभुभोजन घेऊन जा, नाताळ आणि ईस्टरची वाट पाहू नका. आणि उपासनेतले ते मोठे स्पीकर! हार्मोनियम आणि तबल्यावर म्हातारी माणसं भजन म्हणायची, आता त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही.

एक गोष्ट राहिली, ती बोलायलाच हवी. काही म्हाताऱ्यांची आठवण जाते. लेकाला ओळखत नाहीत, प्रार्थनेचे शब्द येत नाहीत. मी अशांची सेवा केली आहे. कोणाला जुनं गीत म्हटलं की ओठ हलतात, कोणाचे तेही हलत नाहीत. त्यांना कोणतंही काम सांगू नका. यशया 46 मध्ये देव म्हणतो, तुमचे केस पिकेपर्यंत मीच तुम्हाला उचलून वागवीन. ज्याला काम करता येतं त्याला देवानं काम दिलं आहे, आणि ज्याला येत नाही त्याला उचलून घेतलं आहे. त्यांच्या घरच्यांनी मनाला लावून घेऊ नये, की आमची आजी प्रार्थना करेनाशी झाली. आता तिच्या वाटची तुम्ही करा, तिच्या बाजेजवळ बसून, तिचा हात धरून, मोठ्यानं करा.

बाकीच्या आजी-आजोबांना आजच्या दिवसाचं सांगते. नातवाला जुनी वही मागा. लिहिता येत नसेल तर त्याला लिहायला लावा. नाव, गाव, मागणी. पहिलं नाव शेजारच्या घरातलं घ्या. ते आपल्या धर्माचं नसलं तर आधी विचारून घ्या, आबाजी विचारायचे तसं. आणि संध्याकाळी तो माणूस घरी आला की नाही, तेवढं पाहा.

सलाम.