घरी जा आणि सांग

गालील समुद्र नावाने समुद्र असला तरी ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे. त्याची लांबी साधारण 21 किलोमीटर, जास्तीत जास्त रुंदी 13 किलोमीटर, आणि त्याची पातळी समुद्रसपाटीपासून 200 मीटरहून अधिक खाली. पश्चिमेच्या तीरावर यहुदी लोकांची गावे होती, तर पूर्वेकडे दकापलीस, म्हणजे ग्रीक वळणाच्या दहा नगरांचा प्रदेश पसरलेला होता. तिकडे डुकरांचे मोठमोठे कळप पाळले जात, एवढे सांगितले तरी धर्मनिष्ठ यहुदी माणसाला तो मुलूख किती परका वाटत असेल, हे ध्यानात येते. रात्रीच्या वादळातून तरून प्रभू येशूची होडी लागली ती याच पूर्वेच्या किनाऱ्याला, आणि तेथे त्याने अशुद्ध आत्म्यांनी पछाडलेल्या एका माणसाची सुटका केली.

ती नेमकी जागा कोणती, याविषयी प्राचीन हस्तलिखितांत एकवाक्यता नाही. काहींत गरसेकरांचा देश असे आहे, काहींत गदरेकरांचा, तर काहींत गर्गेसेकरांचा. गरसा म्हणजे आजच्या जॉर्डनमधील जेराश, आणि ते सरोवरापासून 50 किलोमीटरहून दूर आहे. 1970 साली सरोवराच्या पूर्व तीरावर रस्त्याचे काम चालू असताना कुर्सी येथे बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमी साम्राज्याच्या, काळातील मठाचे आणि चर्चचे अवशेष हाती लागले. त्या काळातील ख्रिस्ती यात्रेकरू ही घटना याच ठिकाणी घडली असे मानत होते. स्थळाची चर्चा येथेच थांबवू, कारण ही कथा सांगणाऱ्या मार्ककृत शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एकाच्या, पाचव्या अध्यायाचे सारे लक्ष एका माणसाकडे आहे.

तो थडग्यांमध्ये राहत असे. त्याला बेड्यांनी आणि साखळ्यांनी पुष्कळदा बांधून ठेवले होते, पण तो साखळ्या तोडी आणि बेड्यांचे तुकडे करी. रात्रंदिवस तो डोंगरांत ओरडत फिरे आणि दगडांनी स्वतःचे अंग ठेचून घेई. दुसरा शुभवर्तमानकार लूक सांगतो की त्याने पुष्कळ काळ अंगावर वस्त्र घातले नव्हते. मत्तयाच्या वृत्तांतात अशी दोन माणसे आहेत. मार्क मात्र एकाच माणसापाशी थांबतो आणि त्याच्या साखळ्यांचे वर्णन पुन्हा पुन्हा करतो. गावकरी निर्दय होते असे म्हणण्यास आधार नाही. त्यांच्यापाशी जो उपाय होता तो त्यांनी करून पाहिला होता, आणि तो उपाय बंधनाचा होता.

येशूने त्या अशुद्ध आत्म्याला निघून जाण्याची आज्ञा केली आणि विचारले, ‘तुझे नाव काय?’ उत्तर आले, ‘सैन्य, कारण आम्ही पुष्कळ आहोत.’ रोमी सैन्याच्या एका तुकडीत पाच-सहा हजार सैनिक असत, आणि रोमी सत्तेखालच्या त्या प्रदेशात असे सैन्य येणे म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. ज्याचा देह, आवाज आणि नावसुद्धा दुसऱ्याने व्यापून टाकले आहे असा तो माणूस होता. आपल्याला सोडवा, असे तो म्हणाला नाही. उलट त्याच्या तोंडून निघाले ते ‘मला पीडा देऊ नकोस’ हे शब्द. या कथेत दया विश्वासाच्याही आधी येते, आणि मला ही कथा सर्वाधिक प्रिय आहे ती यासाठी. कबुली देण्याइतके, प्रार्थना करण्याइतके बळही ज्याच्यात उरले नव्हते, त्याच्याकडे प्रभू स्वतः सरोवर ओलांडून आला.

यानंतर घटनाक्रम वेगाने सरकतो. आत्मे सुमारे 2,000 डुकरांच्या कळपात शिरतात, कळप कड्यावरून पाण्यात धावत सुटतो आणि बुडून मरतो. कळपाच्या मालकांचे काय, हा प्रश्न अनेक वाचकांना अस्वस्थ करतो. त्याचे उत्तर शुभवर्तमान देत नाही आणि ते ओढूनताणून देऊ नये. लोक धावत आले तेव्हा तो माणूस बसलेला होता, त्याच्या अंगावर वस्त्रे होती आणि तो शुद्धीवर आलेला होता. त्याला तसे पाहून ते भ्याले. ओरडणारा माणूस त्यांच्या सवयीचा झाला होता. शांत बसलेल्या माणसापुढे कसे उभे राहावे, हे त्यांना कळेना.

आता या वृत्तांतातील विनवण्यांकडे लक्ष द्यावे. अशुद्ध आत्म्यांनी डुकरांत जाऊ देण्याची विनवणी केली आणि येशूने ती मान्य केली. गावकऱ्यांनी आमच्या प्रदेशातून निघून जा अशी विनवणी केली आणि येशू होडीकडे वळला. मग त्या सुटका पावलेल्या माणसाने, मला तुमच्याबरोबर येऊ द्या, असे विनवले आणि नेमकी हीच विनवणी नाकारली गेली. ज्याच्या मुखात पहिल्यांदाच खरी प्रार्थना आली त्यालाच नकार मिळावा, हे वाचताना मन अडखळते. येशूने त्याला सांगितले की तू आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा, आणि प्रभूने तुझ्यासाठी केवढी मोठी कार्ये केली व तुझ्यावर कशी दया केली, हे त्यांना सांग.

त्या नकारातच सुटकेचा उरलेला भाग होता, असे मला वाटते. थडग्यांतून बाहेर पडणे ही सुटकेची सुरुवात होती. ज्या घराने त्याची आशा सोडली असेल त्या घराचे दार त्याच्यासाठी पुन्हा उघडणे अजून व्हायचे होते. गालीलात येशूने बरे केलेल्या कुष्ठरोग्याला आणि ज्याच्या मुलीला त्याने उठवले त्या याईराच्या कुटुंबाला, कोणाला सांगू नका, अशी ताकीद दिली. येथे मात्र सांगण्याची आज्ञा आहे. अभ्यासक त्याचे एक कारण असे देतात की गालीलात मसीहाच्या, म्हणजे देव पाठवणार असलेल्या तारणाऱ्या राजाच्या, नावाभोवती राजकीय अपेक्षा दाटल्या होत्या, तशा त्या या परराष्ट्रीय मुलखात नव्हत्या. ते कारण पटण्यासारखे आहे. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट दिसते: त्या किनाऱ्यावरच्या लोकांनी येशूला परत पाठवले होते, आणि त्यांच्यामध्ये राहून बोलू शकेल असा हा एकच माणूस मागे उरला होता.

त्याला सांगायचे काय होते, हेही त्या आज्ञेतच ठरलेले आहे. आत्मे किती होते, ते काय बोलले, रात्री कशा गेल्या, याचे वर्णन करायला त्याला सांगितलेले नाही. साक्षीचा विषय प्रभूची दया हा आहे. आपल्या सभांमधून कधी कधी अंधाराचे वर्णन इतके लांबते की दयेसाठी शेवटचे एकच वाक्य उरते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की मनाच्या आजाराने पीडलेल्या माणसांना भूतग्रस्त ठरवून त्यांना बांधून ठेवणे, मारहाण करणे, त्यांचे औषध बंद करणे, असे प्रकार सुटकेच्या नावाखाली घडले आहेत. या कथेतील प्रत्येक साखळी माणसांनी घातलेली आहे, आणि येशूच्या हातात एकही साखळी नाही, हे अशा वेळी मोठ्याने सांगितले पाहिजे.

ही साक्षीची रीत जुनी आहे. देवाने माझ्या जिवासाठी काय केले ते या आणि ऐका, असे 66 व्या स्तोत्राचा कर्ता भाविकांना बोलावून सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांध माणूस वाद घालणाऱ्या परूशी धर्मपुढाऱ्यांना एवढेच म्हणतो की मी आंधळा होतो आणि आता मला दिसते. मंडळीचा छळ केलेला प्रेषित पौल आपला सहकारी तीमथ्य याला लिहिताना, माझ्यावर दया झाली, हे दोनदा सांगतो. यांपैकी प्रत्येकाने स्वतःवर जे गुजरले तेवढेच सांगितले, आणि कर्तेपण देवाकडे ठेवले.

तो माणूस निघाला आणि एका घरापाशी थांबला नाही. येशूने आपल्यासाठी काय केले, हे तो दकापलीसभर गाजवू लागला आणि सर्वांना आश्चर्य वाटले, असे मार्क लिहितो. त्याचे नाव मात्र लिहीत नाही. पुढे सातव्या अध्यायात येशू पुन्हा दकापलीसच्या प्रदेशात येतो. या वेळी तेथील लोक एका बहिऱ्या, अडखळत बोलणाऱ्या माणसाला घेऊन येतात आणि आपला हात याच्यावर ठेवावा, अशी विनवणी करतात. या दोन भेटींच्या मधल्या काळात त्या मुलखात काय घडले, हे मार्क उलगडून सांगत नाही. त्या काळात तेथे साक्ष देत फिरणाऱ्या एकाच माणसाचा उल्लेख त्याने केलेला आहे. बहिऱ्याचे कान उघडतात, त्याच्या जिभेचा बंध सुटतो, आणि कोणाला सांगू नका, अशी ताकीद मिळूनही लोक ती गोष्ट अधिकच गाजवतात. ‘त्याने सर्व काही चांगले केले आहे,’ असे ते म्हणतात.