पंजाबातलं नामदेवांचं गाव, घुमान

नमस्कार मंडळी. आज जरा लांब जाऊया, पार पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यात. बटाला आणि ब्यासच्या मधे घुमान नावाचं गाव आहे, चहूबाजूंनी शेती, आणि गावात एक मोठा गुरुद्वारा. हे ठिकाण कोणाचं असं कोणालाही विचारा, उत्तर येतं, बाबा नामदेवजींचं. हो, आपलेच नामदेव! शिंप्याच्या घरातले, विठोबाला हट्टाने जेवू घालणारे.

ज्ञानेश्वर माऊलींनी 1296 साली समाधी घेतली, त्यानंतर नामदेव उत्तरेकडे गेले, आणि तिकडची परंपरा सांगते की आधी ते भट्टीवालला राहिले, मग घुमानला आले आणि वीसेक वर्षं तिथेच रमले. जिथे ते तप करायचे म्हणतात त्या जागेला तपियाना साहिब म्हणतात. समाधीचं विचाराल तर पंढरपूरला पायरी आहे, घुमानला समाधी आहे, आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी ठाम. मी मधे पडत नाही बाबा.

आता तुम्ही म्हणाल, नामदेव तर गुरू नानकांच्या शंभरेक वर्षं आधीचे, मग तिथे गुरुद्वारा कसा काय? तर 1604 साली गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबचं मूळ रूप, तयार करून घेतला त्यात नामदेवांची पदं घेतली, आज गुरू ग्रंथसाहिबमध्ये त्यांचे 61 शबद, म्हणजे पदं, आहेत, आणि शीख माणूस ग्रंथापुढे डोकं टेकवतो तेव्हा नामदेवांच्या शब्दांपुढेही टेकवतोच की. देवळातून हाकलल्यावर देऊळच फिरल्याची गोष्ट आपण औंढा नागनाथची म्हणून ऐकतो ना, ती त्या शबदांमध्येही आहे, आणि आपण जातीने छीपा, म्हणजे कापड छापणारे-शिवणारे, असं नामदेव तिथे सरळ सांगतात.

पण मला सगळ्यात मजा वाटते ती इमारतीच्या गोष्टीची. अठराव्या शतकात पंजाबात शिखांच्या मिसली होत्या, म्हणजे आपापली फौज आणि मुलूख असलेली सरदारांची टोळकीच म्हणा, त्यातल्या रामगढिया मिसलीचे सरदार जस्सासिंग यांनी समाधीवर इमारत बांधली. तळ्याची दुरुस्ती केली राणी सदाकौरने, ती कन्हैया मिसलीची, रणजितसिंगांची सासू, मोठी खमकी बाई. आणि या दोन मिसलींचं हाडवैर! 1785 मध्ये बटाल्याजवळ लढाई झाली तीत जस्सासिंग एका बाजूला आणि सदाकौरचा नवरा दुसऱ्या बाजूला, त्यात सदाकौरचा नवरा मारला गेला. तरी घुमानला जस्सासिंगांनी भिंती उभारल्या, सदाकौरने तळं नीट केलं.

देखभाल कोणाची म्हणाल तर नामदेवांचे तिकडचे शिष्य बहोरदास, त्यांच्या वंशातले बावा लोक तिथे आहेत. जत्रा भरते माघातल्या दुसऱ्या दिवशी, पण तो पंजाबचा माघ, आपला नाही, म्हणजे साधारण संक्रांतीच्या आगेमागे, थंडी अशी की स्वेटरवर शाल लागते.

आपल्याकडे हे गाव खरं गाजलं 2015 च्या एप्रिलमध्ये, 88 वं मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं तेव्हा, सदानंद मोरे अध्यक्ष होते. इतक्या लांब कशाला म्हणून कुरकुर झालीच, आपल्याकडे कुरकुरीशिवाय संमेलन होतं कुठे.

जायचं असेल तर नांदेडहून अमृतसरला थेट गाडी आहे, अमृतसरच्या अलीकडे ब्यासला उतरायचं आणि पुढे रस्त्याने. लंगरमध्ये जेवणाची सोय होते. डोक्यावर बांधायला रुमाल मात्र पिशवीत वरच ठेवा.