एक युनिट म्हणजे किती जिने? मुलांना वीज-बचत शिकवताना

(कॅमेरा जिन्याच्या पायथ्याशी. हातात नऊ वॅटचा एलईडी बल्ब.)

नमस्कार मंडळी. आज माझ्या मागे फळा नाही, जिना आहे. इंदुरातल्या कुठल्याही दुमजली घरात असतो तसा, साधारण ३ मीटर चढाचा. पहिली ते पाचवीच्या मुलांना वीज वाचवायला शिकवायचं असेल तर मी सुरुवात इथून करते. ‘वीज वाचवा, देश वाचवा’ असं फळ्यावर लिहून मुलांकडून दहादा उतरवून घेतलं तर अक्षर सुधारेल, पण वीज म्हणजे किती, हे त्यातून कळत नाही. आणि जी गोष्ट किती लागते हेच ठाऊक नाही, ती वाचवायची कशी?

तर जिना. तिसरीतलं मूल धरा, वजन २५ किलो. ते एकदा खालून वर गेलं की त्यानं स्वतःचं वजन ३ मीटर उचललं. हिशेब येतो ७३५ ज्यूलचा; ज्यूल म्हणजे ऊर्जा मोजायचं माप. ज्यूल हा शब्द आपल्यापुरता ठेवा, मुलांना सांगायची घाई नको. मुलांना सांगायचं ते एवढंच: तू एकदा वर चढलास, तेवढ्या कामात हा बल्ब १ मिनिट २० सेकंद पेटतो.

(बल्ब कॅमेऱ्यासमोर धरावा.)

मुलांना हे फार आवडतं. चढण्यातून बल्ब पेटतो म्हटल्यावर सगळी चढायला तयार. मग विचारायचं, अर्धा तास अभ्यासाला हा दिवा लागला, तर किती वेळा चढावं लागेल? बावीस वेळा. इथपर्यंत सगळे हिरीरीनं हो म्हणतात. आता गीझर. घरातला नेहमीचा गीझर २००० वॅटचा असतो. एकदा जिना चढल्यावर तो किती वेळ चालेल? अर्धा सेकंदसुद्धा नाही. आणि बिलावर जे युनिट छापून येतं ना, म्हणजे हजार वॅटची वस्तू तासभर चालली की होतं ते एक युनिट, त्यासाठी याच मुलाला हा जिना ४,९०० वेळा चढावा लागेल.

हे ऐकून वर्ग एकदम शांत होतो. त्या शांततेत काही बोलू नका. थोड्या वेळानं कुणीतरी विचारतंच, “मग गीझर चालवायला किती मुलं लागतील?” हा प्रश्न आला की समजायचं, मुलांनी आकडा हातात घेतला. पाच सेकंदांत एक जिना चढणारी चौदा मुलं, सगळी एकाच वेळी, न दमता, सतत. आपलं शरीर चढताना प्रत्यक्षात याहून पुष्कळ जास्त ऊर्जा खर्च करतं, पण या वयात तो हिशेब काढायला नको. वजन उचलण्याचं काम तेवढं धरा.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. आपण मुलांना वीज-बचत म्हणून बहुतेक वेळा दिवेच शिकवतो. चित्र काढायला सांगितलं की शंभरातली नव्वद मुलं बल्ब काढतात आणि त्याच्यावर फुली मारतात. साठ वॅटचे पिवळे बल्ब होते तेव्हा ते बरोबर होतं. आता घरोघरी एलईडी आलेत. नऊ वॅटचा दिवा एका युनिटमध्ये १११ तास चालतो. तेच युनिट गीझर अर्ध्या तासात संपवतो. दिवा बंद करायची सवय चांगली, ती लावाच, पण मुलाला असं वाटता कामा नये की दिवा बंद केला म्हणजे काम झालं. जिथं काही तापतं, तिथं वीज भरभरून जाते. गीझर, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, इंडक्शन शेगडी. आणि जिथं काही गार होतं, फ्रीज आणि एसी, तिथंही. मुलांना घरभर फिरायला सांगा आणि विचारा, कुठल्या वस्तू तापवतात, कुठल्या गार करतात, कुठल्या नुसत्या फिरतात किंवा उजेड देतात. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. रॉडच्या तर जवळपासही जायचं नाही, हे पालकांनी स्वतः उभं राहून सांगावं.

चला, आता मीटरकडे.

(मीटरच्या पेटीसमोर. झाकण उघडायचं नाही, काचेतून दाखवायचं.)

मल्टीत, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, राहणाऱ्यांचे मीटर खाली पार्किंगमध्ये एका ओळीत असतात, स्वतंत्र घरांचे बाहेरच्या भिंतीवर. जवळ गेलात की एक बारीक लाल दिवा दिसेल. तो लुकलुकतो. हे लुकलुकणं म्हणजे घराची नाडी आहे. दिव्याच्या आसपास इंग्रजीत आय-एम-पी अशी अक्षरं आणि एक आकडा असतो. बऱ्याच मीटरवर तो ३२०० असतो. अर्थ असा की दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. तुमच्या मीटरवर दुसरा आकडा असेल तर तो घ्या, सगळे मीटर सारखे नसतात.

मुलाच्या हातात घड्याळ द्या, तुम्ही लांबून मोजायला मदत करा. घरात एकच पंखा चालू असेल, साधा ७५ वॅटचा, तर मिनिटाला चारदा लुकलुकेल. एकच एलईडी दिवा असेल तर वाट बघत बसावं लागेल, दोन मिनिटांत जेमतेम एकदा. आता वरून कुणाला तरी गीझर लावायला सांगा. दिवा असा काही धावायला लागतो की मुलांना मोजताच येत नाही. मिनिटाला शंभरच्या वर! मूल मोजता मोजता थांबतं, तुमच्याकडे बघतं, आणि ओरडून वर सांगतं, “आई, बंद कर!” तुम्ही एक अक्षर बोललेला नसता.

मग सगळं बंद करून बघा. दिवे, पंखे, टीव्ही, सगळं. तरी तो दिवा अधूनमधून लुकलुकतोच. कोण खातंय वीज? हा शोध मुलांवर सोपवा. फ्रीज सापडतो, वायफायचं खोकं सापडतं, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स सापडतो, जो आपण रिमोटनं ‘बंद’ केलेला असतो. पाचवीचं मूल हे शोधून काढतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते कुठल्याही घोषवाक्यानं येत नाही.

पंख्याचं एक सांगायचं राहिलं. बाहेर जाताना पंखा चालू ठेवला तर खोली गार राहते, असं पुष्कळ मुलांना वाटतं. मोठ्यांनाही वाटतं. भिंतीवरचा साधा तापमापक घ्या, बंद खोलीत पंखा तासभर चालू ठेवा, आधीचं आणि नंतरचं तापमान वहीत लिहा. ते उतरत नाही. पंखा खोलीला गार करत नाही, घाम वाळवून माणसाला गार करतो. माणूस नसेल तर पंख्याचं काम नाही. पण याच्याच जोडीला दुसरी गोष्ट तितक्याच ठामपणे सांगा: आजी दुपारी आडवी झाली असेल तर तिच्या खोलीतल्या पंख्याला हात लावायचा नाही. मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाला वारा लागतोच. गरजेला वापरलेली वीज वाया गेलेली नसते. हे न सांगता बचत शिकवली तर मुलं घरात शिपायासारखी पहारा देत फिरतात आणि घरच्यांना अपराधी वाटायला लावतात. मला ते मुळीच नको आहे. पृथ्वी बुडणार, वीज संपणार असं घाबरवणंही नको. सहा-सात वर्षांच्या मुलाला भीती नको, करायला काहीतरी हवं.

आता नळ. इंदूरच्या मुलाला वीज शिकवायची तर नळ दाखवायलाच हवा.

(स्वयंपाकघरातला नळ. खाली २० लिटरची बादली.)

आपल्याकडे नर्मदेचं पाणी येतं, १९७८ सालापासून येतंय, हे पोराबाळांनाही ठाऊक आहे. ‘आज नर्मदा येणार का’ असं आपण विचारतो, ‘नळ येणार का’ असं नाही. पण नर्मदा वाहत इंदूरला येत नाही. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, ती पंपांनी चढवली जाते. महेश्वरला घाट बघायला जाताना आपण डोंगरमाथ्यावरच्या जाम गेटवरून खाली उतरतो, मुलांच्या कानांना दडे बसतात. तोच उतार पाण्याला उलटा चढावा लागतो. नर्मदेचं पात्र तिथं समुद्रसपाटीपासून साधारण १५० मीटरवर, आणि आपलं इंदूर साधारण ५५० मीटरवर. म्हणजे प्रत्येक थेंब किमान ४०० मीटर उचललेला.

ही बादली घ्या. २० लिटर, २० किलो. ४०० मीटर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात आपला तो नऊ वॅटचा दिवा जवळजवळ अडीच तास चालतो. पंपात जाणारी, नळातल्या घर्षणात जाणारी वीज यात धरलेलीच नाही, म्हणजे खरा आकडा याहून मोठा. जिन्याच्या हिशेबात शंभराहून जास्त फेऱ्या. हजार लिटरची टाकी भरली की एक युनिटपेक्षा जास्त वीज जलूदलाच लागून गेली, आणि ती तुमच्या घरच्या मीटरवर कधीच दिसत नाही. आपण हौदातून गच्चीवर पाणी चढवतो ती मोटर दिसते, तिचा आवाज येतो, म्हणून तीच मोठी वाटते. दुमजली घरात तिनं उचलायचं ते फार तर दहा मीटर.

म्हणून गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली की मुलांनी खाली धावत येऊन मोटर बंद करायला सांगावी. हे काम इंदूरच्या प्रत्येक घरात मुलांना द्या. दिवा बंद करण्याहून हे मोठं काम आहे. आणि थंडीत हीच बादली वीस अंशांवरून चाळीस अंशांवर तापवली, तर अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते. उचलायला लागली त्याच्या वीसपट! मुलांना हे आधी विचारा: जास्त वीज कशाला लागेल, पाणी डोंगर चढवायला की तापवायला? सगळे डोंगर म्हणतात. त्यामुळे उत्तर पक्कं लक्षात राहतं.

चौथी-पाचवीतली हुशार मुलं इथं विचारतात की पंप उन्हावर का नाही चालवत. विचारलं तर खूश व्हा. इंदूर महापालिकेनं अगदी यासाठीच फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित रोखे काढले, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून कर्जाऊ पैसे घेतले. जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा म्हणून साध्या माणसांनाही त्यात पैसे गुंतवता आले, आणि २४४ कोटी रुपयांचे रोखे होते. पण ऊन दिवसा असतं आणि पाणी रात्रीही चढवावं लागतं, हेही मुलांना सांगा. ओल्या कचऱ्याच्या गॅसवर बस चालते हे आपल्या शहरातल्या मुलांना माहीत आहे, घरात कुठला कचरा कुठल्या डब्यात हे तीच आपल्याला सांगतात. त्यांना पुरी गोष्ट पेलते, अर्धी सांगू नका.

फ्रीजवर वीज-बचतीच्या चांदण्यांची पट्टी असते, जितक्या जास्त चांदण्या तितकी कमी वीज, तिचं थोडक्यात. त्या पट्टीवर चांदण्यांच्या खाली वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा असतो. मुलांना चांदण्या मोजायला आवडतात, पण आकडाही वाचायला लावा आणि ३६५ नं भागायला सांगा. चांदण्यांची तुलना एकाच आकाराच्या फ्रीजमध्ये करायची, हे विसरू नका. एसी असेल तर २४ वर ठेवा. २०२० पासून नवे एसी चालू होतानाच २४ वर असतात ते याच विचारानं. आणि माळव्याच्या रात्री अजूनही बऱ्यापैकी गार असतात, खिडक्या उघडून बघा की आधी.

आता शिक्षकांसाठी. १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो, त्या दिवशी भाषणं आणि चित्रं होतात. तयारी दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच सुरू करा. शाळेच्या मीटरचा आकडा रोज सकाळी प्रार्थनेआधी दोन मुलांनी टिपायचा, शिपाईदादांना सोबत घेऊन. वर्गाच्या भिंतीवर मोठा कागद लावा, आज वजा काल, तेवढे चौकोन रंगवायचे. रविवारसाठी शनिवारी शाळा सुटताना आणखी एकदा आकडा टिपा आणि तो सोमवार सकाळच्या आकड्यातून वजा करा. रविवारी शाळा बंद, तर चौकोन शून्य यायला हवेत असं मुलं म्हणतील. येत नाहीत. मग सगळ्या वर्गानं शाळेत हिंडून शोधायचं. बहुतेक ठिकाणी गवसतो तो पाण्याचा कूलर, जो शनिवारी बंद करायचा असतो हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. ते काम कुणाचं, हे मुलांना मुख्याध्यापकांकडे जाऊन विचारू द्या. कागद सोबत न्यायला सांगा, आणि बोलायचं मुलांनी, तुम्ही मागे उभं राहायचं.

पुढच्या सोमवारी किती चौकोन कमी झाले ते त्याच कागदावर रंगवा.