चार भाषांतला कौल

जर्मनीतल्या मानहाइमच्या जुन्या भागात पत्ता विचारला, की रस्त्याचं नाव कानावर येत नाही. लोक सांगतात, 'सी चार', 'पी सात'. एक अक्षर, एक आकडा. हा नंबर रस्त्याचा नाही, घरांच्या चौकोनाचा आहे. हे शहर हळूहळू वाढत गेलेलं नाही. ते आधी कागदावर आखलं आणि मग त्यासाठी माणसं बोलावली.

शहराचा जुना नकाशा डोळ्यांपुढे आणा. ऱ्हाईन आणि नेकार या नद्यांचा संगम. एकीकडे चौकटींचं गाव, त्याला लागून ताऱ्याच्या आकाराचा फ्रीडरिक्सबुर्ग किल्ला. फाल्त्स या जर्मन संस्थानाचा शासक चौथा फ्रीडरिश यानं १७ मार्च १६०६ रोजी त्याची पायाभरणी केली. त्यासाठी इथल्या जुन्या खेड्याला आपली जागा सोडावी लागली. ही गोष्ट सांगताना ते खेडं विसरून चालणार नाही.

नव्या गावात राहायला आले ते मुख्यतः परागंदा लोक. स्पेनच्या अमलाखालच्या नेदरलँड्समधून धर्मासाठी घरदार सोडलेले कॅल्विनपंथी, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका पंथाचे लोक. त्यांना तट हवा होता, तटाला माणसं हवी होती. पण १६२२ मध्ये कॅथलिक फौजांचा सेनापती टिली यानं मानहाइम जिंकलं, आणि धर्मभेदांवरून पेटलेल्या तीस वर्षांच्या युद्धात वस्तीची धूळधाण झाली.

मग १६५२ साल उजाडलं. फ्रीडरिशचा नातू कार्ल लुडविग यानं नवी सनद काढली. आपल्याकडे ओसाड गाव वसवताना कौल देत, तसाच हा कौल: घराला जागा, काही वर्षं करमाफी, धंद्याची मोकळीक. बोलावणं होतं सगळ्या देशांतल्या सगळ्या भल्या माणसांना. जर्मन, लॅटिन, फ्रेंच आणि डच, अशा चार भाषांत. शासकाला करदाते आणि कारागीर हवे होते, हे खरंच. तरीही ज्याला बोलवायचं त्याला समजेल अशा भाषेत बोलवावं, हे त्याला सुचलं, याचं मला मोल वाटतं.

माणसं आली. आजच्या दक्षिण बेल्जियमकडचे, फ्रेंच बोलणारे वॉलोन आले, डच आले, पोलंडमधून हाकललेले सोसिनियन, म्हणजे देवाचं त्रैक्य न मानणारे ख्रिस्ती, आले. १६६० मध्ये ज्यूंना स्वतंत्र सनद मिळाली. १६६६ च्या प्लेगनं घरंच्या घरं रिकामी केली, तरी वस्ती टिकली. किल्ल्यात कार्ल लुडविगनं एक चर्च बांधवलं: 'कॉनकॉर्डिया', म्हणजे एकोपा. रिफॉर्म्ड (म्हणजे कॅल्विनपंथी), लुथेरन आणि कॅथलिक, तिघांच्या प्रार्थना एकाच छपराखाली. ज्या युरोपात याच भेदांवरून तीस वर्षं रक्त सांडलं होतं, तिथे हे घडत होतं.

ज्या तटाच्या भरवशावर ही माणसं आली, त्या तटामुळेच तोफा आल्या. १६८८ मध्ये फ्रेंच सैन्यानं वेढा घालून शहर घेतलं. पुढच्या मार्चमध्ये रहिवाशांना हुकूम झाला: आपापली घरं आपणच पाडा. त्यांनी हात लावला नाही. मग सैनिकांनी पाडली. घर, चर्च, तट, सगळं.

काही जण नेकारपलीकडे झोपड्या घालून राहिले. बऱ्याच वॉलोन कुटुंबांनी पुन्हा बोचकी बांधली आणि ती ब्रांडेनबुर्गच्या राज्यात, एल्बे नदीकाठच्या माग्डेबुर्गला गेली. ते गावही तटबंदीचं. १६३१ मध्ये त्याच टिलीच्या सैन्यानं जाळलेलं, अजून पुरतं न सावरलेलं, आणि माणसांची वाट पाहणारं. इथे त्यांना पुन्हा सनद मिळाली, पुन्हा करमाफी, पुन्हा मोकळ्या पडलेल्या जागा. प्रार्थनेसाठी एक जुनं मठाचं चर्च मिळालं. माग्डेबुर्गमध्ये आजही त्या चर्चला वॉलोनांचं चर्च म्हणतात.