कागद धरणारा हात

(दृश्य : टेबलावर बंद कात्री. एक छोटा हात ती उचलतो.)

तीन वर्षांचं मूल पहिल्यांदा कात्री उचलतं ते बहुधा अशीच. मनगट आत वळलेलं, अंगठा जमिनीकडे, कोपर पंखासारखं बाहेर. पाती उघडली की तोंडही उघडतं, मिटली की मिटतं. कागद मात्र कापला जात नाही. पात्यांच्या मध्ये दुमडून अडकतो. मग मोठ्या माणसाचा हात पुढे येतो आणि कात्री काढून घेतो.

बहुतेक घरांत शिकवणं इथेच संपतं. कात्री कपाटावर जाते, ‘मोठी झालीस की देईन’ असं सांगितलं जातं. पण नुसतं वय वाढून हात तयार होत नाही. त्याला काम द्यावं लागतं, आणि ते काम कात्रीच्या कितीतरी आधी सुरू होतं.

(दृश्य : वर्तमानपत्र फाडणारी बोटं, अगदी जवळून. फाटण्याचा आवाज.)

फाडणं. एक हात कागद धरून ठेवतो, दुसरा ओढतो. दोन हात, दोन वेगळी कामं, तीही एकाच वेळी. लहान मुलाला हे सोपं नसतं. त्याचे दोन्ही हात एकसारखेच हलू पाहतात. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं आणि दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं जातं. ते कुठून सरळ जातंय, हे मुलं स्वतःच शोधून काढतात. त्यांना शोधू द्यावं.

(दृश्य : झाडांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली. पानांवर थेंब.)

आता या हाताची बोटं मोजा. अंगठ्याकडची बोटं खटका दाबतायत. अनामिका आणि करंगळी बाटली धरून स्थिर आहेत. म्हणजे एकाच हाताचे दोन भाग झाले, एक हलणारा आणि एक आधार देणारा. कात्री चालवताना नेमकी हीच विभागणी लागते. चिमट्याने कापसाचे गोळे उचलणं, कपडे वाळत घालायचे चिमटे दाबून डब्याच्या काठाला लावणं, हाही त्याचाच सराव. मुलाला तो खेळ वाटतो, आणि तो खेळच राहू द्यावा.

(दृश्य : मऊ मातीचा लांब साप. त्यावर कात्री.)

पहिला काप कागदाचा नको, मातीचा असू द्या. खेळण्याच्या मातीची वळी कागदासारखी वाकत नाही, पळत नाही. कात्री मिटली की तुकडा पडतो, आणि पाती मिटल्यावर काय होतं ते हाताला कळतं.

(दृश्य : पात्यांचं संथ गतीतलं चित्रण.)

कात्री कशी निवडायची? टोक गोल हवं, धार मात्र खरी हवी. बोथट टोक आणि बोथट धार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘सुरक्षित’ म्हणून जी कात्री मुलांच्या हातात दिली जाते ती अनेकदा कापतच नाही. मग मूल जोर लावतं, कागद ओढतं, कात्री सटकते. शिवाय चूक आपल्या हाताची आहे अशी त्याची समजूत होते, ती वेगळीच.

या दृश्यात पाहा, दोन पाती सगळ्या लांबीभर एकमेकांना टेकत नाहीत. ती एकाच बिंदूत भेटतात आणि कात्री मिटत जाते तसा तो बिंदू टोकाकडे सरकतो. कागद तिथेच कापला जातो. मधल्या खिळ्याजवळ जोर सर्वांत जास्त मिळतो, म्हणून जाड कागद आत, खिळ्यापर्यंत सरकवून घ्यायचा.

(दृश्य : अंगठ्याच्या नखावर पेनाने काढलेला निळा ठिपका.)

हा ठिपका कापणाऱ्याला सतत दिसला पाहिजे. वरच्या कडीत अंगठा, खालच्या कडीत मधलं बोट, तर्जनी कडीच्या बाहेर, पुढे टेकलेली. ठिपका दिसेनासा झाला की मनगट उलटलं असं समजायचं. कोपर बाहेर जात असेल तर काखेत घडी घातलेला रुमाल द्या आणि तो पडू द्यायचा नाही एवढंच सांगा. ‘कोपर आत घे’ असं दहादा सांगण्यापेक्षा हे लवकर समजतं. मात्र पाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले हवेत. लोंबकळत्या पायांनी बसलेल्या मुलाचा हात डगमगतो.

(दृश्य : कार्डपेपरच्या अरुंद पट्ट्या. कच. तुकडा पडतो. कच.)

पट्टी बोटभर रुंदीची. एकदा कात्री मिटली की तुकडा पडलाच पाहिजे. कागद जाडसर घ्या. घोटीव कागद सुंदर दिसतो, पण तो पातळ असतो आणि नवख्या हातात वाकतो. तो नंतर. चौथ्या वर्षाच्या आसपास जाड रेघेवरून सरळ कापणं जमू लागतं, मग गोल. चौकोनाला बहुधा आणखी वर्षभर लागतं, कारण तिथे कोपऱ्यावर थांबावं लागतं. कापत राहण्यापेक्षा थांबणं अवघड.

(दृश्य : कॅमेरा कात्रीवरून सरकून दुसऱ्या हातावर येतो.)

आणि हा तो हात, ज्याकडे कोणीच पाहत नाही. कात्रीच्या हाताला शाबासकी मिळते, पण रेघेवर ठेवण्याचं काम हा करतो. कात्री समोर सरळ राहते, वळतो तो कागद. याचाही अंगठा वर, बोटं कागदाखाली, आणि पातं जवळ आलं की हात मागे सरकतो. जखम होते ती बहुधा याच हाताला. म्हणून नुसतं ‘सावकाश’ म्हणू नका. ‘कागद धरलेला हात कुठे आहे?’ असं विचारा. मूल खाली बघतं आणि स्वतःच हात सरकवतं.

(दृश्य : डाव्या हातात कात्री. कागद दुमडतो. पुन्हा दुमडतो.)

हा मुलगा डावखुरा आहे. त्याच्या हातात उजव्या हाताची कात्री आहे. हात मिटताना अंगठा आणि बोटं पात्यांना आडवा दाबही देतात. उजव्या हातात त्या दाबाने पाती एकमेकांना चिकटतात, डाव्या हातात तीच फाकतात आणि कागद त्या फटीत शिरतो. शिवाय कापायची रेघ वरच्या पात्याआड जाते. नुसत्या कड्या दोन्ही हातांना बसतील अशा केल्या म्हणून हे बदलत नाही. पात्यांची मांडणीच उलटी लागते.

(दृश्य : तोच मुलगा, डाव्या हाताची कात्री. कच.)

हात तोच. फक्त कात्री बदलली.

(दृश्य : कात्रीची ने-आण.)

नियम थोडेच, पण रोजचे. कापायचं बसून. उठायचं तर कात्री मिटून, पाती मुठीत झाकून, चालत. देताना कड्या समोरच्याकडे. मोठं माणूस हाताच्या अंतरावर बसलेलं हवं, आणि काम संपलं की कात्री तिच्या ठरलेल्या जागी, मोठ्यांच्या ताब्यात. तरीही कधी बोट चिमटतं, कातडी कापते. पाण्याने धुवायचं, स्वच्छ फडक्याने दाबून धरायचं, रक्त थांबत नसेल किंवा डोळ्याला लागलं असेल तर थेट डॉक्टर.

(दृश्य : पहिल्या दृश्यातली मुलगी. समोर कागदावर काढलेला गोल.)

उजव्या हाताने कापणाऱ्यासाठी गोलाची वाट घड्याळाच्या काट्यांच्या उलट. ती अर्ध्यावर आलीय. अंगठ्यावरचा ठिपका दिसतोय. डावा हात कागद थोडा वळवतो, थांबतो, पुन्हा वळवतो.

(गोल पूर्ण होईपर्यंत निवेदन नाही. फक्त कात्रीचा आवाज.)